पोत्याच्या मधला दाणा
वापरलेली उंची, वेगवान मोटार घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांस चार शब्द



विकणारा पोत्याचे तोंड उघडून वरचा दाणा दाखवितो आणि घेणारा पोत्याच्या पोटात अणकुचीदार नळी खुपसून मधला दाणा बाहेर काढतो. आमचा धान्याचा धंदा या दोन क्रियांवर उभा आहे. वरचा दाणा खोटा असतो असे नव्हे. तो निवडलेला असतो, इतकेच. चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर बसून आम्ही शिकलो ते एवढेच, आणि ज्या दिवशी ते विसरलो त्या दिवशी फसलो. मात्र आम्ही फसलो ते गव्हात वा तुरीत नव्हे, तर मोटारीत.

यंदाच्या स्मरणिकेसाठी डाळींच्या भावांवर काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना होती. परंतु डाळींचे भाव सभासदांस आमच्याइतकेच ठाऊक आहेत. उलट, सायंकाळी डुमस रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर आपल्याच घरांतील तरुण मंडळी बुटक्या, दोन दारांच्या, गुरगुरणाऱ्या गाड्यांतून जाताना दिसतात. त्यांतील पुष्कळ गाड्या वापरलेल्या घेतलेल्या असतात. या हौसेस आमचा विरोध नाही. कष्टाने मिळविलेल्या पैशाने मनुष्याने आपली एखादी आवड पुरवावी, हे योग्यच आहे. परंतु ज्या घरात दहा गोण्या तूर घेताना नमुना तपासला जातो, त्याच घरात चाळीस लाखांची गाडी केवळ रंगावर भाळून घेतली जाते, याचे आम्हांस नवल वाटते; आणि आमच्याच घरी तसे घडल्यामुळे लिहिण्याचा अधिकारही वाटतो.

स्वस्ताईचे रहस्य

ज्या गाडीस कूपे म्हणतात, ती मूळची दोन दारांची, उतरत्या छपराची आणि नावापुरत्या मागच्या बैठकीची गाडी होय. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे यांच्या अशा गाड्या, तसेच फोर्डची मस्टँग, आपल्या बाजारात वापरलेल्या मिळतात. आपल्या देशात कुटुंबासह प्रवास करणारा गिऱ्हाईक अधिक. दोन दारांची गाडी घेणारा विरळा. म्हणून या गाड्यांचा भाव झपाट्याने खाली येतो आणि तरुणांस वाटते की, सोने पितळेच्या भावात मिळाले.

येथेच हिशेब चुकतो. समजा, नवी असताना ऐंशी लाखांची गाडी आज चाळीस लाखांत मिळाली. गाडीचा भाव निम्मा झाला. परंतु तिचे ब्रेक, टायर, गिअरबॉक्स आणि दिवे यांचे भाव ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहिले. शिवाय प्रत्येक गाडीचा कारखानदार कायम आपल्या पाठीशी उभा राहील असेही नाही. फोर्डने २०२१ साली भारतात मोटारी बनविणे बंद करण्याचे जाहीर केले. ऑडीच्या टीटी या प्रसिद्ध कूपेचे उत्पादन २०२३ साली संपले. अशी गाडी घेऊच नये असे नाही. पण सुटा भाग कोठून येणार, किती दिवसांत येणार आणि सुरतेत हात घालणारा जाणकार मिस्त्री कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. आमचा ठोकताळा असा की, खरेदीच्या किमतीचा आठवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूस ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नव्हे.

आमच्यावर बेतले ते

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव कापडाच्या धंद्यात आहेत. त्यांनी एक जर्मन कूपे पसंत केली. पाच वर्षांची जुनी, चोवीस हजार किलोमीटर चाललेली, नोंदणी बडोद्याची, म्हणजे जीजे ०६. "काका, तुम्ही वडील म्हणून बरोबर चला," असे त्यांनी म्हटले आणि आम्ही गेलो. गाडी आरशासारखी चकाकत होती. आत बसताच अत्तराचा घमघमाट आला. आम्ही कौतुकाने म्हणालो, "धनी शौकीन दिसतो." त्याच बैठकीत विसार दिला.

पाच आठवड्यांनी एका सकाळी दाराच्या काचा खाली होईनात. मग एकामागून एक इशाऱ्याचे दिवे लागले, आणि अखेर गिअर पडेना. मिस्त्रीने पुढची बैठक सोडविली, गालिचा उचलला आणि बोटावर करड्या रंगाची बारीक, सुकलेली माती घेऊन ती आम्हांस दाखविली. "शेठ, या गाडीने पूर पाहिला आहे," एवढेच तो बोलला. पुतणे काहीच बोलले नाहीत.

त्या मातीचा वास आम्ही ओळखला. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि तापीने सुरतेचा फार मोठा भाग बुडविला, तेव्हा आमच्या गोदामात हीच माती गोण्यांच्या थरांत शिरली होती. तो वास आम्ही कितीतरी महिने अंगावर वागविला. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यात असंख्य मोटारी बुडाल्या, हेही वृत्तपत्रांत वाचले होते. गाडीची नोंदणी बडोद्याची, पूर ऑगस्टातला, खरेदी दिवाळीनंतरची. सारे समोर होते. आम्ही अत्तर हुंगले आणि नळी खुपसली नाही.

पाण्याची परीक्षा

म्हणून आपल्या भागातील घेणाऱ्याने पहिली परीक्षा पाण्याची करावी. बडोद्याचेच कशास, सुरतेच्या खाड्यांनीही २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये वस्त्यांत पाणी शिरविले. मुंबई आणि चेन्नईकडील गाड्याही आपल्याकडे येतात. प्रथम पुढचा आणि डिकीतला गालिचा उचलून खाली हात फिरवावा. बैठकीच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे काय ते पाहावे. सुरक्षा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. बुडालेल्या गाडीत त्याच्या तळाशी डागाची रेघ राहते. दिव्यांच्या आत बाष्प वा मातीची रेषा आहे काय ते तपासावे. उंची गाड्यांत विजेची नियंत्रक यंत्रे पुष्कळदा बैठकीखाली वा डिकीत बसविलेली असतात. त्यांच्या जोडण्यांवर हिरवट थर दिसला, तर तेथूनच नमस्कार करून परतावे. कारण विजेचा असा रोग एका ठिकाणी दुरुस्त केला की दुसरीकडे उपटतो. आणि आत शिरताच अत्तर घमघमले, तर काचा वर करून गाडी तासभर उन्हात उभी करावी व मग पुन्हा हुंगावी.

कागदपत्रांची परीक्षा

नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. दलालाने वाचून दाखविलेले मानू नयेत. चासी क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा नकोत. परिवहन खात्याच्या 'वाहन' या सरकारी नोंदीत मालकांची संख्या, विम्याची मुदत, बँकेचा बोजा आणि थकलेली चलने पाहावीत. वेगवान गाडीवर वेगाची चलने असणारच. ती विकणाऱ्याने फेडल्याची पावती घ्यावी.

गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना क्रमांक ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. उरलेले कर्ज थेट बँकेच्या कर्जखात्यातच भरावे. मालकी बदलण्यासाठी नमुने २९ व ३० लागतात. गाडी परराज्यातील असेल, तर तेथील कार्यालयाचे नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि येथे नव्याने कर भरावा लागतो. उंची गाडीवर ती रक्कम मोठी होते. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून आकडा काढून आणावा. विमाही आपल्या नावे करून घेण्यास चौदा दिवसांची मुदत असते. ती चुकली आणि अपघात झाला, तर आपल्या गाडीची भरपाई अडते.

परदेशातून तयार आलेली गाडी असल्यास सीमाशुल्क भरल्याचे मूळ कागद मागावेत. २०२५ च्या सप्टेंबरात सीमाशुल्क खात्याने केरळात भूतानमार्गे चोरून आणलेल्या उंची गाड्यांवर छापे घातले. बनावट कागदांची गाडी प्रामाणिकपणे विकत घेतली, तरी ती दारातून उचलून नेली जाऊ शकते, हे ध्यानी ठेवावे.

त्याचप्रमाणे अधिकृत सेवाकेंद्रातून गाडीचा संपूर्ण सेवा-इतिहास काढावा आणि विमा कंपनीकडून पूर्वीच्या दाव्यांची माहिती मिळवावी. किलोमीटरचा आकडा यंत्राने मागे फिरविता येतो. परंतु सेवेच्या जुन्या नोंदी मागे फिरत नाहीत. चोवीस हजार चाललेल्या गाडीचे ब्रेकचे रबर गुळगुळीत झाले असेल, चाकावरील कातडे चकाकू लागले असेल किंवा चालकाच्या बैठकीची बाहेरची कड दबली असेल, तर आकडा खोटा समजावा.

अंगाची परीक्षा

गाडी दिवसाच्या उजेडात, कोरडी असताना पाहावी. रंगाची जाडी मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते. कारखान्याचा मूळ रंग साधारणतः १०० ते १८० मायक्रॉन भरतो. एखाद्याच भागावर तीनशे-चारशे दिसले, तर तो भाग पुन्हा रंगविला आहे आणि त्याहून पुष्कळ अधिक दिसले, तर खाली लांबी भरली आहे. उंची गाड्यांचे काही भाग ॲल्युमिनियमचे असतात, तेव्हा ॲल्युमिनियमवर चालणारे यंत्र घ्यावे. सर्व काचांवरील छाप एकाच काळातील आहेत काय तेही पाहावे.

कूपेची एक खास परीक्षा आहे. तिची दारे लांब व जड असतात आणि पुष्कळ गाड्यांत काचेभोवती चौकट नसते. दार उघडताच काच किंचित खाली सरकते आणि लावताच वर जाऊन रबरात घट्ट बसते. ही हालचाल दोन्ही बाजूंनी दहादहा वेळा करून पाहावी. काच अडखळली, दार बिजागरीवर लोंबले किंवा वेगात वाऱ्याची शीळ ऐकू आली, तर खर्च ठरलेला आहे.

इंजिन, गिअर आणि पाय

विकणाऱ्यास आधीच सांगावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तेथे पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल, तर काहीतरी झाकण्यासाठी इंजिन तापविले आहे काय, असा संशय घ्यावा व दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे थंड ठेवणारे पाणी आत शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर खरेदीचा विचार सोडावा.

चालकाच्या पायाजवळ निदानयंत्र लावण्याची खाच असते. जाणकाराकडून ते यंत्र लावून घ्यावे. दोषांच्या नोंदी कालच पुसल्या असतील, तर गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपुऱ्या राहिलेल्या दिसतात. कोरी पाटी पाहून आनंदू नये, ती केव्हा कोरी केली ते विचारावे. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी नियंत्रकात फेरफार केला आहे काय, हेही विचारावे. अशी गाडी चालविताना मौज वाटते. पण टर्बो आणि गिअरबॉक्स यांच्यावर कारखान्याने न योजलेला भार पडतो. गाडीची मूळ रचना बदलणे कायद्यासही मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तसा निर्णय दिला आहे. आवाजासाठी बदललेली धुराची नळी घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सची परीक्षा वेगात होत नाही, ती मुंगीच्या चालीत होते. सुरत हे उड्डाणपुलांचे शहर आहे. गर्दीच्या वेळी एखाद्या पुलाच्या चढावर गाडी थांबवावी, पुन्हा हलवावी, मग सपाटीवर मागे घ्यावी. गाडी धक्का देत असेल वा थरथरत असेल, तर क्लचचे आयुष्य सरत आले आहे. काही गिअरबॉक्सचे तेल साठेक हजार किलोमीटरला बदलावे लागते. त्याची पावती मागावी.

टायरच्या कडेवर शेवटचे चार अंक पाहावेत. २३२१ असे असेल, तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असली, तरी जुने रबर कडक झालेले असते. पुढचे व मागचे टायर पुष्कळदा वेगळ्या मापांचे असतात, म्हणून ते आपसांत बदलून काम भागत नाही. टायर आतल्याच कडेला झिजले असतील, तर चाकांची मांडणी वा सांधे बिघडले आहेत. काही गाड्यांस कार्बन-सिरॅमिकच्या ब्रेक-चकत्या असतात. त्यांची किंमत आधी विचारून मगच पुढे बोलावे.

अखेरीस गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. आपल्या गतिरोधकांनी बुटक्या गाडीचे पोट किती खरवडले आहे, तेलाचा डबा चेपला आहे काय, धक्काशोषकांतून तेल झिरपते काय, हे रस्त्यावर उभे राहून कळत नाही. आणखी एक गोष्ट. आता पंपावरील पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या तेवढ्या मिश्रणासाठी रचलेल्या नव्हत्या. टाकीच्या झाकणामागील सूचना वाचण्यास क्षणही लागत नाही.

रोकड आणि घाई

विकणारा म्हणेल, "अर्धे रोखीने द्या, भाव कमी करतो." २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ज्या रकमेचा कागद नाही, तिच्या फसवणुकीची फिर्यादही नाही. "संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे" असे कोणी म्हटले, तर त्यास शुभेच्छा द्याव्यात. विसाराच्या पावतीवर एक ओळ अवश्य लिहून घ्यावी : 'गाडीस पुराचे पाणी लागलेले नाही व मोठा अपघात झालेला नाही, तसे आढळल्यास सौदा रद्द व रक्कम परत.' ही ओळ लिहिताना विकणाऱ्याची लेखणी अडखळली, तर समजावे की नळी मधल्या दाण्यापर्यंत पोहोचली.

उरलेली गोष्ट

आमच्या त्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. आमच्याजवळ अशी ओळ नव्हती. विकणारा हात वर करून मोकळा झाला. मग एक दलाल पेढीवर आला. तो म्हणाला, "शेठ, गालिचा नवा टाका, काचांची मोटार बदला, अत्तर मारा आणि पुढे सरकवा. तुम्हाला कोणी सांगितले होते काय?" पुतण्यांनी आमच्याकडे पाहिले. नुकसान लाखांचे होते आणि त्यांच्या धंद्यातील खेळते भांडवल त्यात अडकले होते. सल्ला आम्हांस वाटला तितका परका वाटला नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. त्या रात्री आम्ही फार वेळ जागे होतो.

सकाळी आम्ही काही बोलण्यापूर्वीच पुतणे म्हणाले, "काका, ज्या माणसाने आपल्याला गाडी विकली, त्याच्यासारखे रात्री झोपायला मला जमणार नाही." सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्यास त्यांनी ती गाडी खरेदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी किमतीत दिली आणि पावतीवर स्वतःच्या हाताने लिहिले : 'पुराचे पाणी लागलेली गाडी.' तुटीचा अर्धा भाग आम्ही पेढीच्या खाती घेतला. कारण वडील म्हणून बरोबर जाऊन अत्तराचे कौतुक आम्हीच केले होते.

म्हणून ही यादी घेणाऱ्यासाठी लिहिली असली, तरी विकणाऱ्यानेही ती एकदा वाचावी. आपल्या दारातून बाहेर जाणारी गाडी उद्या आपल्याच एखाद्या सभासदाच्या दारी उभी राहणार असते.

पुतण्यांची हौस काही संपलेली नाही. परवाच त्यांनी आणखी एक कूपे पाहून ठेवल्याचे सांगितले. या खेपेस त्यांनी आम्हांस बरोबर बोलाविले आहे ते वडील म्हणून नव्हे, तर गालिचा उचलण्यासाठी. आम्ही जाणार आहोत.